पंतांनी वाचलेला टायर

एकनाथरावांच्या लेकीच्या, रेणूच्या थोरल्याचं जावळ काढलं ते साल अठ्ठ्याण्णव, महिना डिसेंबरचा. हैदराबादच्या मलकपेठेत एकनाथरावांच्या दारापुढं मांडव होता. आत न्हावी पोराला सांभाळून वस्तरा चालवत होता आणि पोर घर डोक्यावर घेत होतं. पण मांडवातल्या एकाही पाहुण्याचं तिकडं लक्ष नव्हतं. सगळे गाड्यांवर बोलत होते. दिवसच तसे आले होते. इतकी वर्षं गाडी म्हणजे दोन-तीन नावं, नंबर लावा आणि वाट बघत बसा. आता एकदम चार दिशांनी नव्या छोट्या गाड्या उतरल्या होत्या. चौकाचौकात काचेची दुकानं उघडून माणसं हात जोडून म्हणत होती, आधी चालवून तर बघा. गाडी घ्यायच्या आधी चालवून बघायची असते, हे लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"एकनाथराव, जरा इकडं बसा," भगवंतराव वकिलांनी हाक मारली.

भगवंतराव नल्लकुंट्याचे. वय त्र्याहत्तर. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, घरात ते आणि बँकेत नोकरी करणारी मुलगी सुप्रिया. त्यांच्या डाव्या कानात ऐकायचं यंत्र होतं आणि त्याची तार खिशातल्या डबीपर्यंत गेली होती.

"आम्ही गाडी घेतोय," ते म्हणाले. "सुप्रिया चालवील. मला रंग नको, गाणी नकोत, काही नको. गाडीत बसल्यावर ही पोरगी काय बोलते ते ऐकू आलं पाहिजे, एवढंच. या यंत्रात खालची घरघर आधी शिरते आणि माणसाचं बोलणं बाहेर उभं राहतं. रिक्षात बसलो की मी मुका."

"मुके नाही बाबा, बहिरे," सुप्रिया मागून म्हणाली. "मुके असता तर रिक्षावाल्यांचं भलं झालं असतं."

"बघा, हे बरोबर ऐकू आलं," भगवंतराव म्हणाले. "तर एकनाथराव, माझ्याऐवजी तुम्ही ऐका. कोणती गाडी कमी ओरडते ते सांगा. तुम्ही सांगाल ती घेतो."

हे उगीच नव्हतं. एकनाथराव मूळचे भैंशाकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. भावांत वाटणी झाली तेव्हा अठराव्या वर्षी हैदराबादला आले आणि बेगम बाजारामागं जुन्या टायरांवर नवं रबर चढवायच्या दुकानात सहा वर्षं टायर घासले. मग लॉरीवर, आणि मग पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं ड्रायव्हर. रबराची जात त्यांच्या अंगठ्याला कळायची आणि चाकाची तक्रार कानाला. मागच्या उजव्या चाकात हवा कमी आहे हे ते बसल्या जागी सांगत, आणि उतरून मोजलं तर तसंच निघे. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी जुने साहेब गाडी विकताना-घेताना त्यांनाच बोलावत.

भगवंतरावांच्या शेजारी बाळकृष्णपंत उमरीकर बसले होते. ते म्हणाले, "नुसतं सांगू नका, लिहून द्या. आपल्या मराठी मंडळींच्या वाचनखोलीच्या फळ्यावर लावू. आपल्यातली आणखी तीन-चार घरं गाडी घ्यायच्या विचारात आहेत. सगळ्यांनाच होईल."

"मी लिहू?" एकनाथराव म्हणाले.

"मग शिकवलं कशाला तुम्हाला?" पंत म्हणाले आणि सगळे हसले.

ही शिकवल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पंत त्याच ऑफिसात काही वर्षांनी कारकून म्हणून आले. नल्लकुंट्यातलं जुनं घराणं, आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, घरात तीन पिढ्या शाई. ड्रायव्हरनं प्रत्येक फेरी लॉगबुकात लिहायची असते. एकनाथरावांना अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यांच्या फेऱ्या पंत लिहायचे आणि खाली एकनाथराव अंगठा उमटवायचे. असं बारा वर्षं चाललं. एक दिवस पंत म्हणाले, मी किती दिवस लिहू, आता तुम्हीच लिहा. एकनाथराव तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. जेवणाच्या सुट्टीत, जुन्या लॉगबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर, दोन वर्षं पंतांनी त्यांना अक्षरं गिरवायला लावली. ज्या दिवशी एकनाथरावांनी पेपरातली अख्खी बातमी वाचली, त्या दिवशी ते भर ऑफिसात पंतांच्या पाया पडले. आईबापांनंतर पाया पडावं असं ते एकच ठिकाण होतं. इंग्रजी मात्र राहून गेलं. एकनाथरावांनी विषय काढला की पंत म्हणत, "इंग्रजीवाचून तुमचं काय अडलंय? मी आहे ना."

तर असं ठरलं. संक्रांत झाल्यावर तीन रविवार, तीन गाड्या. गाड्यांची कंपनीची नावं एकनाथरावांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. बुटकी आणि पोटाला फुगलेली ती घागर. चौकोनी ती पेटी. मागची बाजू वर उचललेली ती बदक. बदक मलकपेठच्याच एका शोरूममध्ये मिळत होती आणि तिथं पंतांचा मुलगा चेतन तीन महिन्यांपूर्वी विक्रीला लागला होता.

एकनाथरावांनी रस्ता ठरवून टाकला. तिन्ही गाड्यांना तोच रस्ता, तीच वेळ, सकाळी सातची. आधी विजयवाड्याच्या रस्त्यानं हयातनगरच्या पुढं, तिथं नवं डांबर गुळगुळीत होतं. मग आत वळून खडी वर आलेला जुना रस्ता. परत येताना थोडं सिमेंटचं, आणि शेवटी रेसकोर्सची लांब भिंत. ही भिंत त्यांची खास युक्ती होती. डावीकडची काच खाली करायची आणि भिंतीला धरून सारख्या वेगानं जायचं. चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत आत येतो. पत्र्यानं, गादीनं लपवलेलं सगळं भिंत सांगून टाकते.

पहिल्या रविवारी घागर. मागच्या सीटवर त्यांच्या बायको चतुराबाई बसल्या. एकनाथराव नको म्हणत होते.

"मी का नको?" त्या म्हणाल्या. "गाडीत मागं बाईमाणूस बसतं. मागं कसं वाटतं ते ड्रायव्हरला काय कळणार?"

घागरीचं स्टिअरिंग हलकं होतं, एका बोटानं वळावं असं. गल्लीत छान, पण साठच्या पुढं ते हातात काही सांगेचना. चाक रस्त्यावर आहे की हवेत, पत्ता नाही. खडीवर आवाज ठीक. गतिरोधकावरून गेली की दोनदा उडून मग बसायची.

"माझ्या बांगड्या पन्नासला वाजायला लागल्या," चतुराबाईंनी मागून कळवलं.

"बांगड्या सैल असतील."

"बांगड्या तुम्हीच घेतलेल्या. सैल असतील तर तुमची नजर सैल."

दुसऱ्या रविवारी पेटी. तिचा गिअर जड, दोनातून तिनात टाकताना जात्याचा खुंटा फिरवल्यासारखा. पण वळणावर कूस बदलत नव्हती, ब्रेक दाबला की सरळ रेषेत उभी राहत होती. एकनाथरावांच्या हाताला ती पटली. फक्त मागच्या चाकांच्या कमानींतून आवाज आत यायचा आणि भिंतीशी तर फारच. भगवंतरावांना ही नाही, असं त्यांनी त्याच दिवशी वहीत लिहिलं.

तिसऱ्या रविवारी पंतही बरोबर आले. मुलाचं शोरूम, म्हणून. चेतन दारातच उभा होता. टाय बांधलेला, केसांना तेल नाही. त्यानं वाकून एकनाथरावांच्या पायांना हात लावला.

"काका, गाडी रेडी आहे. फुल टाकी. कुठं पण फिरवा, लाइट घ्या एकदम."

"लाइट काय घ्यायचं?" चतुराबाईंनी विचारलं.

"म्हणजे टेन्शन नक्को, काकू."

गाडीत बसायच्या आधी एकनाथरावांनी नेहमीसारखी चारही चाकांना प्रदक्षिणा घातली. प्रत्येक टायरच्या खाचेत अंगठा दाबायचा, मग बोटाच्या पेरानं वरून ठोकायचं. पहिल्या चाकाशीच त्यांचा अंगठा थांबला. रबर मऊ होतं. घागरीचं, पेटीचं एवढं मऊ नव्हतं. अंगठा आत जाऊन सावकाश परत आला. ठोकल्यावर टणक आवाज नाही, पिकलेल्या फणसावर मारल्यासारखा. असा टायर गप्प चालतो, हे त्यांना न चालवताच कळलं. आणि असा टायर इतक्या छोट्या गाडीला कंपनीतून लावून देतात, हे मात्र त्यांच्या मनाला पटेना.

"चेतनबाबू, हे टायर कंपनीचेच?"

"काय काका, सगळं कंपनीचंच," चेतन आरसा पुसत म्हणाला.

त्यांच्या खिशात बदकाचं घडी घातलेलं पत्रक होतं. त्यात टायरचं नाव इंग्रजीत छापलं होतं. कुठल्या ओळीत ते रेणूच्या नवऱ्यानं त्यांना बोट ठेवून दाखवलं होतं. टायरच्या कडेलाही इंग्रजीत नाव होतं. पत्रक काढून टायरला लावलं असतं आणि अक्षराला अक्षर जुळवलं असतं, तर लहान पोरालाही कळलं असतं. त्यांचा हात खिशाकडं गेलासुद्धा. पण पंत शेजारी उभे होते. ज्या माणसानं आपल्याला अक्षर दिलं तो बाजूला उभा असताना आपण कागद काढून आकार जुळवत बसायचं, म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं झालं असतं. त्यांनी पत्रक काढून पंतांच्या हातात दिलं.

"पंत, जरा वाचता? या कागदात जे नाव आहे तेच टायरवर आहे का?"

पंत गुडघ्यावर हात ठेवून वाकले. चष्मा सारखा केला. जरा वेळ वाकूनच राहिले. मग मान वर करून त्यांनी एकदा चेतनकडं बघितलं, आणि उठताना म्हणाले, "तेच आहे. पत्रकात आहे तेच."

संपला विषय. एकनाथराव गाडीत बसले.

बदक चालवून त्यांना खरोखर आनंद झाला. स्टिअरिंग ना हलकं ना जड. खडीच्या रस्त्यावर गाडी अशी गेली की चतुराबाई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "साठ झाले का? बांगड्या अजून झोपल्यात." सिमेंटवरच्या सांध्यांचा टपटप आवाज मांजरानं पाऊल टाकावं तसा. शेवटी रेसकोर्सची भिंत. एकनाथरावांनी डावीकडची काच खाली करायला लावली. भिंतीकडून फक्त वारा आला.

"पंत, ऐकलंत?"

"काही ऐकू येत नाही," पंत म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

त्या आठवड्यात एकनाथरावांनी दीड पान लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्यांनी वाचावं म्हणून. चार दिवस लागले. घागर कुणासाठी बरी, पेटी कुणासाठी बरी, हातात कशी, पोटातलं पाणी हलतं का, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'आवाजाच्या बाबतीत बदक उजवी. टायर मऊ व चांगल्या जातीचे आहेत. हे मी स्वतः अंगठा लावून पाहिले आहे.' पंतांकडं कागद तीनदा गेला, तीनदा ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त होऊन परत आला. मग पंतांनीच तो आपल्या देखण्या अक्षरात उतरवून नल्लकुंट्यातल्या वाचनखोलीच्या फळ्यावर लावला. खाली नाव, एकनाथराव. लोक उभे राहून वाचत होते. एकनाथराव रोज पेपर वाचायच्या निमित्तानं येत आणि पेपरावरून फळ्याकडं बघत.

भगवंतरावांनी शोरूममध्ये बदक सांगितली. अविनाश म्हणून एक तरुण इंजिनिअर होता, त्यानं सांगितली. आणखी दोन घरांनी सांगितली. पाडव्याच्या सुमाराला चारही गाड्या आल्या, हार घालून, चाकाखाली लिंबं ठेवून.

चैत्र संपत आला तेव्हा अविनाश वाचनखोलीत भेटला. "काका, तुमच्या बदकाला घसा फुटलाय," तो हसत म्हणाला. "मेहदीपट्टणमपर्यंत गेलो तर कानात भुंगा. बायको म्हणते, एकनाथरावांचा कान आता रिटायर झाला."

एकनाथराव हसले नाहीत. "गाडी कुठाय?"

"बाहेर."

त्यांनी अंगठा लावला. अंगठा आत गेलाच नाही. पेरानं ठोकलं, लाकडासारखा आवाज आला. ते अविनाशला म्हणाले, चल, आणि त्याच्या शेजारी बसून रेसकोर्सच्या भिंतीपर्यंत गेले. काच खाली केली. भिंतीकडून गिरणी चालू असल्यासारखा आवाज आला.

"ही ती गाडी नाही," ते म्हणाले.

"तीच आहे काका. फक्त रंग वेगळा."

एकनाथरावांनी पेन्सिल मागितली. खिशात कुठल्याशा लग्नाची पत्रिका होती. तिच्या पाठीवर, चाकाशी उकिडवं बसून, त्यांनी टायरवरचं नाव उतरवून घेतलं. वाचता येत नव्हतं, पण आकार काढता येत होता. पंतांनीच तो हात वळवला होता. एक काठी, एक गोल, एक कात्रीसारखं. मग अविनाशला शोरूमपाशी न्यायला सांगितलं. चाचणीची ती बदक बाहेरच उभी होती. तिच्या चाकाशी बसून दुसऱ्या ओळीत ते आकार काढले. घरी येऊन पत्रक शोधलं, रेणूच्या नवऱ्यानं बोट ठेवलेल्या ओळीतले आकार तिसऱ्या ओळीत काढले.

पहिली आणि तिसरी ओळ सारखी होती. दुसरी निराळी. अगदी पहिल्या अक्षरापासून निराळी.

त्यांनी तिन्ही ओळी पुन्हा एकदा अक्षराला अक्षर लावून बघितल्या. चतुराबाई आल्या, त्यांनी तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं. त्यांना तर कुठलंच अक्षर येत नव्हतं.

"यात मधली वेगळी आहे," त्या म्हणाल्या.

"तुला कळलं ना?"

"डोळे आहेत की."

"पंतांनाही आहेत," एकनाथराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी चेतनकडं गेले. चेतननं कपाळाला आठी घातली नाही, आवाज चढवला नाही. त्यानं पत्रक काढून समोर ठेवलं. "काका, कागदात जे लिहिलंय तेच दिलंय. एक पण गोष्ट कमी नाही. चाचणीच्या गाडीला मालकानं चांगले टायर टाकले, शोसाठी. सगळे टाकतात. टायर झिजल्यावर तुम्ही लोक पण चांगले टाका, कोण नको म्हणतंय?"

"मी विचारलं होतं तुला."

"विचारलं होतं. मी म्हटलं कंपनीचे. ते पण कंपनीचेच आहेत काका, दुसऱ्या कंपनीचे." मग त्यानं नजर खाली घातली. "सहा गाड्या व्हायच्या होत्या त्या महिन्यात. नाही तर ठेवणार नव्हते मला."

एकनाथरावांना त्याचा राग आला नाही. दुकानदाराच्या माणसावर काय रागवायचं? बाजारात आंबा वर आणि कैरी खाली असतेच. ते चालत नल्लकुंट्याला गेले. मलकपेठेपासून ते काही जवळ नव्हे, पण त्या दिवशी त्यांना कुठल्याच चाकावर बसावंसं वाटलं नाही.

पंत ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी एकनाथरावांना बघितलं आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला. त्या घडी करण्यावरूनच कळलं की चेतनचा फोन येऊन गेलाय. एकनाथरावांनी पत्रिका त्यांच्यापुढं धरली.

"पंत, मधली ओळ वाचा."

पंतांनी वाचली नाही. म्हणाले, "बसा."

"वाचा तर."

"एकनाथराव, मी खाली वाकलो तोवर मला काही ठाऊक नव्हतं. देवाशपथ सांगतो. वाचलं, वर बघितलं, तर चेतनचं तोंड दिसलं. तेव्हा कळलं. पस्तिशीचा होत आला, दोन नोकऱ्या गेल्या. तोंडातून निघून गेलं."

"निघून गेलं. बरं." एकनाथराव उभेच होते. "मग आठ दिवसांनी मी कागद आणला. टायर चांगल्या जातीचे, असं त्यात लिहिलं होतं. तुम्ही तो तीनदा वाचलात. मऊ शब्दाचा दीर्घ नीट केलात. तेव्हाही तोंडातून निघून गेलं?"

पंतांनी चष्मा काढून पेपरावर ठेवला.

"मग तोच कागद तुम्ही तुमच्या हातानं उतरवलात. खाली नाव माझं घातलंत."

"मला वाटलं, टायर म्हणजे टायर," पंत हळू म्हणाले. "आवाजात असा काय फरक पडणार?"

"तुम्हाला काय वाटतं ते मी विचारलंच नव्हतं. काय लिहिलंय ते विचारलं होतं."

पंतांच्या बायको इंदुमतीबाई आतून चहा घेऊन आल्या. त्यांचे डोळे लाल होते. "भावजी, बसून घ्या," त्या म्हणाल्या. एकनाथरावांनी उभ्यानंच चहा प्यायला, कारण तो वहिनींनी केला होता. कपबशी विसळायला जाऊ लागले तर त्यांनी ती हातातून काढून घेतली.

"बारा वर्षं तुम्ही माझ्या फेऱ्या लिहिल्यात," एकनाथराव पंतांना म्हणाले. "मी खाली अंगठा देत होतो. काय लिहिलंय, हे एकदाही विचारलं नाही. काल रात्री पहिल्यांदा मनात आलं की त्यात काय काय होतं कुणास ठाऊक."

"असं बोलू नका," पंत म्हणाले. "तिथं एक अक्षर खोटं नाही."

"नसेल. पण आता मला ते कळायचा रस्ता राहिला नाही."

तिथून ते भगवंतरावांकडं गेले. गाडी फाटकात उभी होती, धुऊन पुसून लख्ख. एकनाथरावांनी सगळं सांगितलं, फक्त कुणी वाचलं ते सांगितलं नाही. टायर बदलून घेऊ, मी उभा राहून घालून घेतो, म्हणाले. भगवंतरावांनी मान हलवली.

"नवे कोरे टायर काढून टाकायचे? छे. आमच्यात असलं कधी झालं नाही. झिजू देत की."

"झिजायला तीन-चार वर्षं जातील."

"मग तीन-चार वर्षांनी ऐकू." भगवंतराव हसले. "मी एक युक्ती काढलीय. गाडीत बसलो की यंत्र बंद करतो. घरघर नाही, काही नाही. सुप्रियाचे ओठ हलताना दिसतात."

सुप्रिया बापाच्या खुर्चीमागं उभी होती. तिनं त्यांच्या खिशाबाहेर आलेली यंत्राची तार नीट आत सरकवली. एकनाथरावांना वाटलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वैशाखात वाचनखोलीच्या फळ्यावर नवा कागद लागला. या वेळी अक्षर एकनाथरावांचं होतं, मोठं आणि वाकडं, आणि कुणीही न तपासलेलं. 'फेब्रुवारीत मी लिहिले की बदक गाडीचे टायर चांगले आहेत. चालवून पाहिली त्या गाडीचे चांगले होते. विकतात त्या गाडीचे तसे नाहीत. टायरवरचे नाव मला वाचता आले नाही. मी दुसऱ्यास विचारले. स्वतः पाहायचे ते पाहिले नाही, ही चूक माझी. माझ्या शब्दावर ज्यांनी गाडी घेतली त्यांची मी माफी मागतो.' खाली सही.

त्या संध्याकाळी पंत पेपर ठेवून फळ्यापाशी गेले. हात मागं बांधून कागद वाचला. एकनाथराव कोपऱ्यात बसून बघत होते. कागदात दोन ठिकाणी चुका होत्या, पंतांना त्या दिसल्या नसतील असं होणं शक्य नव्हतं. पंतांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि परत खाली आला. ते निघून गेले. दुसऱ्यास म्हणजे कुणास, हे पुढं कुणी विचारलं नाही आणि एकनाथरावांनी सांगितलं नाही. पण नल्लकुंट्यात एकनाथरावांसाठी वाचणारा माणूस एकच होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर ते पंतांच्या ओसरीवर चढले नाहीत. पावसाळ्यात इंदुमतीबाईंच्या हाती निरोप आला, इंग्रजी शिकवतो म्हणतात, रविवारी या. एकनाथरावांनी निरोप दिला, सांगा वेळ नाही. रविवारी ते भगवंतरावांकडं जायला लागले. तिथं सुप्रिया त्यांना इंग्रजी अक्षरं शिकवू लागली. दिवाळीपर्यंत रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवरचं नाव त्यांना एकेक अक्षर लावून वाचता यायला लागलं. ते वाचत, आणि मग तरीही अंगठा लावून बघत. नवी गाडी बघायला मात्र त्यांना परत कुणी बोलावलं नाही. अविनाशनं पुढच्या वर्षी भावासाठी गाडी घेतली. कोणती घेतली, ते एकनाथरावांना ती रस्त्यात दिसली तेव्हा कळलं.

पंत गेले तेव्हा एकनाथराव खांदा द्यायला गेले. चेतननं मडकं धरलं होतं. एकनाथरावांना बघून तो रडायला लागला, एकनाथरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिथं जे करायचं असतं ते सगळं त्यांनी केलं.

मंडळींपैकी कुणाचा मृत्यू झाला की वाचनखोलीच्या फळ्यावर तशी चिठ्ठी लागायची. पंचवीस वर्षं ती पंतच लिहीत होते, त्यांचं अक्षर देखणं म्हणून. आता लिहिणार कोण? भगवंतराव म्हणाले, एकनाथराव लिहितील, त्यांच्या हातात पंतांचंच वळण आहे. कोरा कागद पुढं आला. कुणीतरी सुचवलं, 'आमचे परममित्र' असं घाला. कुणी म्हणालं, 'सत्शील' घाला, असं घालतात. एकनाथरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. पेनाचं टोपण काढलं आणि एकेक अक्षर लावत लिहिलं, ऱ्हस्वदीर्घासह अगदी बरोबर:

बाळकृष्ण वामनराव उमरीकर, राहणार नल्लकुंटा, हे मंगळवार, दिनांक ६ जून २००० रोजी सकाळी सव्वानऊ वाजता वारले.